उत्तरेस हजरा, दक्षिणेस मोकळी जागा

अल गराफा, दोहा
३ ऑक्टोबर २०२४

प्रिय गुरुप्रसाद,

टक् टाऽक् टाऽक्, टक् टाऽक् टाऽक्.

ओळखलास आवाज? राजापूरच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर तू कंपासपेटीच्या झाकणावर बोटांनी भुजंगप्रयात वाजवायचास. लगागा, लगागा. आज सकाळी खिडकीतल्या एसीची पट्टी सैल होऊन नेमकी त्याच ठेक्यात वाजायला लागली आणि मी चहा विसरून ऐकत बसलो. नमिता, म्हणजे आमची सूनबाई, म्हणाली, "बाबा, मेंटेनन्सला फोन करू का?" म्हटलं, राहू दे गं, वृत्तात आहे.

अनंतराव सरांनी त्या वृत्तात दोन ओळी करायला सांगितल्या होत्या. पहिली मी केली, दुसरी तू.

नदीच्या तिरी गाव माझे वसावे
दिवे लागता अंगणी तू असावे

सरांनी माझी ओळ एकदा वाचली आणि तुझी दोनदा. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मुलींच्या बाकावरून शोभाने मागे वळून पाहिलं होतं. पुढे तिने लग्न माझ्याशी केलं, बेचाळीस वर्षं संसार केला, पण ते वळून पाहणं माझ्या ओळीला नव्हतं, हे मी काही विसरलेलो नाही.

तर मुद्दा असा, की तुझा फोटो मिळाला. अनुष्काने, माझ्या नातीने, मोठ्या पडद्यावर लावून दाखवला. खांबांवर उभं लाकडी घर, पायरीवर तू, मागे समुद्र. 'गाव माझे वसावे' ही ओळ माझी, आणि गाव वसवलंस तू! तीस वर्षं बोटीच्या इंजिनात तेल ओतलंस आणि शेवटी सुलावेसीजवळच्या कुठल्याशा बेटावर जाऊन बसलास, जिथे हातचं पत्र पोचवायला त्याचा फोटो ईमेल करावा लागतो आणि तो वाचायला तू शनिवारी तालुक्याला जातोस. मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनींचे दस्त नोंदवले. माझ्या स्वतःच्या नावावर एक सातबारा नाही. आगर भावांकडे गेलं, नाशिकचा फ्लॅट शोभाच्या आजारपणात गेला.

अर्थात माझं इथे उत्तम चाललंय. लेकाची, मिहीरची, नोकरी पक्की, माझी स्वतंत्र खोली, कंपाउंडात फिरायला जागा. तो इथून हलायचं नाव काढत नाही.

तुझ्या जागेचा दस्त कसा आहे ते कळव. चतुःसीमा लिही, म्हणजे मला नीट दिसेल. आणि फोटोत उजव्या कडेला एक हात आलाय, ताटली धरलेला. बांगडी आहे त्यात. तो कुणाचा?

तुझा,
सदानंद

*

वातुमेरा, बुटोन बेट
१९ ऑक्टोबर २०२४

सद्या,

कंपासपेटी तुझी होती. माझ्याकडे कंपासपेटी नव्हतीच. एवढी दुरुस्ती करून पुढे जातो.

तालुक्याच्या गावाचं नाव बाउबाउ आहे. हसू नकोस, खरंच आहे. तिथून इथे यायला अडीच तास, पाऊस असेल तर यायचंच नाही. गावाला इथे 'देसा' म्हणतात, म्हणजे आपला देश. गावच्या प्रमुखाला 'कपाला देसा'. पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे उभा राहून मनात म्हटलं, हे बघा, देशाचं कपाळ! आणि मग त्याने जमिनीचे नियम सांगितले तेव्हा माझंच कपाळ हातात आलं.

नियम असा, की परक्याला इथे मालकी मिळत नाही. 'हक मिलिक' फक्त त्यांच्या नागरिकांना. आपल्याला 'हक पाकाई', म्हणजे नुसता वापरायचा हक्क, तोही तीस वर्षांचा. मी हिशेब केला, त्र्याण्णव वर्षांचा होईन तेव्हा घर सोडावं लागेल. म्हटलं, चालेल. गेल्या वर्षी दोन माणसं कोरे चकचकीत बूट घालून आली होती, किनाऱ्यावर हॉटेल बांधतो म्हणाली. गावाने बैठक घेतली, त्यांना नारळपाणी दिलं आणि वाटेला लावलं. इथे जागा देतात, पण माणूस पाहून.

तुझ्या चतुःसीमा घे:

पूर्वेस समुद्र.
पश्चिमेस काजू. (बोंडं फेकून देतात रे इथे! राजापुरात कुणी पाहिलं तर रडेल.)
उत्तरेस हजरा.
दक्षिणेस मोकळी जागा.

हजरा म्हणजे तो बांगडीवाला हात. गावच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त. जमीन तिची. माझी आहे ती, आणि दक्षिणेची मोकळी आहे तीसुद्धा. गावातली चौदा माणसं मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला जाणार आहेत, त्यांच्यात तीही आहे, म्हणून सध्या रोज माझ्याकडून वाटेचा नकाशा काढून घेते.

फार स्वप्नं रंगवू नकोस. वीज संध्याकाळी जाते. डॉक्टर अडीच तासांवर. माकडं केळी ठेवत नाहीत. सुरुवातीला भाषेनेही घात केला. गावच्या बैठकीत मी ऐटीत म्हणालो, मला या रस्त्याची फार चिंता वाटते. शब्द ओळखीचा वाटला म्हणून दिला ठोकून. सगळे खो खो हसले. इथे 'चिंता' म्हणजे प्रेम! वर्षभर पोरं मला 'रस्त्याचा प्रियकर' म्हणत होती. त्याआधी हजराचं छप्पर गळत होतं तेव्हा मी तिलाही म्हटलं होतं, मला तुमची चिंता आहे. आठ दिवस दार उघडलं नाही तिने.

बरं, आता खरं विचारतो. दक्षिणेची जागा घेतोस का? खांबावरचं छोटं घर होईल. हजराला विचारलंय. ती म्हणते, आधी माणूस बघेन, मग जागा. उरलेलं आयुष्य तू आणि मी शेजारी काढू, वृत्तांवरून भांडू.

गुरुप्रसाद

*

अल गराफा
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय गुरुप्रसाद,

पत्र पोचलं. अनुष्काला वाचून दाखवलं. तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. म्हणाली, "आजोबा, ही इज सो कूल." मी कधी कूल झाल्याचं तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. काल कौतुकाने तिला शार्दूलविक्रीडित म्हणून दाखवलं, तर म्हणाली, "नाइस रॅप."

चतुःसीमा वाचल्या. छत्तीस वर्षांत अकरा हजार दस्त तरी डोळ्यांखालून गेले असतील. सीमेला ओढा पाहिला, गडगा पाहिला, मारुतीचं देऊळ पाहिलं. 'उत्तरेस हजरा' असं कुणी लिहिलेलं पाहिलं नाही. लोक 'हजराची जमीन' असं लिहितात. तू नुसतं 'हजरा' लिहिलंस. दस्तात शब्द गळतो तिथेच खरी गोष्ट असते, हे आमच्या कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी समुद्र तुला, काजू तुला, वीज गेल्यावर चांदणं तुला, आणि ताटली घेऊन येणारा हातही तुला. जमीन मिळत नाही म्हणून जमीनवालीशी सूत जमवलंस, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर देशील? आमच्याकडे अशा व्यवहाराला 'नावावर घेणे' म्हणतात. लग्न केलंस का रे? केलं असशील तर मित्राला कळवायची पद्धत असते.

आणि आता दुसरी गोष्ट. ती लिहू की नको म्हणून तीन दिवस थांबलो.

तुझ्या 'चिंते'ची गंमत वाचली आणि मला काहीतरी आठवलं. बॅग उघडली. शोभा गेली तेव्हा तू पाठवलेलं पत्र मी जपून ठेवलंय. त्यात तू लिहिलंयस: 'शेवटच्या महिन्यांत मला शोभाची फार चिंता होती रे.'

ते पत्र २०२० सालचं. तू त्या गावात २०१३ सालापासून. म्हणजे लिहिताना त्या शब्दाचा तिकडचा अर्थ तुला माहीत होता. शब्दांचा तुझ्याइतका लोभी माणूस मी पाहिलेला नाही. तू तो शब्द चुकून वापरला असशील यावर माझा विश्वास नाही.

'दिवे लागता अंगणी तू असावे.' त्यातला 'तू' कोण होता, गुरुप्रसाद? साठ वर्षं विचारलं नाही. आज विचारतो.

दक्षिणेच्या जागेचं म्हणशील, तर मला तिची गरज नाही. माझं इथे उत्तम चाललंय, हे लिहिलंच होतं.

सदानंद

*

वातुमेरा
३० नोव्हेंबर २०२४

सदानंद,

तुझं पत्र बाउबाउच्या ईमेलच्या दुकानात, उभ्या उभ्या वाचलं. शेजारी एक बाई झेरॉक्स काढत होती. तिने विचारलं, बरं वाटत नाहीये का?

पहिलं. हजरा माझी बायको नाही. माझी उत्तरसीमा आहे. गेल्या वर्षी हिवतापात अकरा दिवस पडलो होतो, तेव्हा तिने मला टेम्पोत घालून इस्पितळात नेलं आणि रोज पेज करून आणली. त्या बाईबद्दल तू जे लिहिलंस ते मी तिला वाचून दाखवलेलं नाही. तिने विचारलं होतं, मित्र काय म्हणतो? मी म्हटलं, मजेत आहे. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासाठी खोटं बोललो. ती काय आहे माझी, त्याला मराठीत शब्द सापडला की कळवीन. इकडच्या भाषेतला शब्द तुला माहीत झालाच आहे, तो तू कसा वापरतोस तेही पाहिलं.

दुसरं. ते पत्र मी मराठीत लिहिलं होतं. मराठीत चिंता म्हणजे चिंता. माझ्याच मातृभाषेतून माझं भाषांतर करू नकोस.

तिची चिंता होती, कारण ती मला फोन करायची. हे तुला माहीत नव्हतं. दुपारी, तू झोपलास की. दर वेळी एकच बोलायची. "भावजी, मी गेल्यावर हे बोलणार नाहीत कुणाशी. कवितेतच बसून राहतील. तुम्ही ह्यांना भांडायला तरी बोलवा." म्हणून मी तुला पत्र लिहायला लागलो. म्हणून दक्षिणेची जागा चार वर्षं कुणाला देऊ दिली नाही.

शाळेत मला शोभा आवडायची का? वर्गात बत्तीस मुलगे होतो. बत्तीसही जणांना आवडायची. त्यात नवीन काय?

आणि तो 'तू'. मूर्खा, पहिली ओळ तू लिहिलीस आणि वही माझ्याकडे सरकवलीस. मी तुला उत्तर लिहिलं. गाव तुझं, मग अंगणात यायला तुलाच नको का सांगायला? तो 'तू' म्हणजे तू होतास.

वर्गात मागे कोण वळून बघतंय, हे मी पाहिलं नाही. मी तुझ्याकडे बघत होतो, ओळ आवडली का म्हणून. तू खाली मान घालून बसला होतास.

आता काही दिवस लिहीत नाही.

गुरुप्रसाद

*

अल गराफा
१४ डिसेंबर २०२४

प्रिय गुरुप्रसाद,

तू लिहीत नाहीस म्हणाला होतास, मी तसं काही म्हटलेलं नाही, म्हणून लिहितो.

शोभा फोन करायची हे वाचून आधी रागच आला. माझ्या झोपेच्या वेळात! मग मोजलं, मी दुपारी तास-दीड तास झोपायचो. एवढा वेळ ती माझ्याबद्दल बोलायची? माझ्याशी तर दोन वाक्यांत आटपायची: "जेवलात का? पंखा बंद करा." आता मला तुझा हेवा वाटतो तो ह्याचा, की तुझ्याशी बोलताना तिचा विषय मी होतो, आणि ते मला ऐकायला मिळालं नाही. हा हेवा कुठल्या रकान्यात घालायचा ते तूच सांग.

बाकी काय. थंडी पडायला लागली आहे, म्हणजे इथली थंडी. कंपाउंडमधले विल्यम आणि मर्सी, वसईचे, त्यांनी नाताळचा कंदील लावला. मर्सी म्हणाली, "अंकल, यल्ला, चला, दोरी धरा." मी धरली. हात वर करून उभा होतो तर वाटलं, तुझ्या त्या घराच्या पडवीला असा एखादा कंदील शोभेल. मग चिडून दोरी सोडली. कंदील विल्यमच्या डोक्यावर.

हजराबाईंबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. दस्तात खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते. ही माझी सही.

सदानंद

*

अल गराफा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय गुरुप्रसाद,

दोन महिने होत आले. अनुष्का दर शनिवारी ईमेल उघडते आणि मान हलवते. काल म्हणाली, "आजोबा, मेबी हिज नेटवर्क इज बॅड." पोरगी खोटं बोलायला शिकतेय, तुझ्यासारखीच, माझ्यासाठी.

आज खरं लिहितो. पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

मिहीरचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये खलास. हे मला गेल्या गणपतीपासून माहीत आहे. तुला लिहिलं तेव्हाही माहीत होतं. त्याला कॅनडात नोकरी मिळाली आहे. तिथे बर्फ आहे आणि माझ्या गुडघ्यांना बर्फ चालत नाही, असं सगळे म्हणतात. माझा इथला परवाना मिहीरच्या नोकरीला बांधलेला. तो सुटला की मीही सुटलो. नमिताने नाशिकजवळचं एक ठिकाण शोधलंय, ज्येष्ठांसाठी. फोटो चांगले आहेत. प्रत्येकाला पलंग, खिडकी आणि कपाट. देवव्रत, मिहीरचा मित्र, त्याचे वडील तिथेच आहेत. मी फोनवर त्यांना विचारलं, शेजारी कोण? म्हणाले, "माहीत नाही हो, दार लावलेलं असतं."

म्हणजे ह्या वेळी चतुःसीमा अशा: पूर्वेस भिंत, पश्चिमेस भिंत, दक्षिणेस भिंत, उत्तरेस दार, तेही लावलेलं.

तुझी 'डॉक्टर अडीच तासांवर, माकडं केळी नेतात, वीज जाते' ही वाक्यं मी कशी वाचली माहीत आहे? श्रीमंत माणूस जशी नोकरांची तक्रार सांगतो तशी. वाटलं, मला खिजवतोयस. तू मला सावध करत होतास. हेवा ही अशी चाळणी आहे, तिच्यातून नेमकं धान्य खाली पडतं आणि खडे हातात राहतात.

शाळेत तुझी ओळ सरांनी दोनदा वाचली, ती चांगली होती म्हणून. माझ्या ओळीत नुसतं गाव होतं. तुझ्या ओळीत माणूस होता. आठवीतल्या मुलाला हे कळत नाही ठीक आहे, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी?

तर विचारतो. दक्षिणेची जागा अजून मोकळी आहे का? मालकी नको. आयुष्यभर लोकांची मालकी लिहून पाहिली, ती शेवटी कुणाच्याच कामाला येताना दिसली नाही. नुसता वापरायचा हक्क दे. तीस वर्षं नकोत, असतील तेवढी.

एकच भीती आहे. हजराबाई माणूस पाहून जागा देतात म्हणालास. मला कुठून बघणार त्या? मी तिथवर यायचं, पायरीवर उभं राहायचं आणि त्यांनी नको म्हणायचं, हे मला झेपणार नाही. आणि त्यांनी मला आधीच पाहिलं असेल, त्या नोव्हेंबरच्या पत्रातून, तू वाचून दाखवलं नसलंस तरी. तुझ्या चेहऱ्यावर उमटलं असेल. मुख्याध्यापिका होत्या, मुलांचे चेहरे वाचायची सवय असणार

बेल वाजली. मर्सी असेल, तिची बरणी आपल्याकडे आहे. अनुष्का गेली दार उघडायला.

मर्सी नाही.

अनुष्का हाका मारतेय. "आजोबा! देअर इज अ लेडी. शी हॅज युअर फ्रेंड्ज हँडरायटिंग." चिठ्ठीवर आपला पत्ता आहे म्हणे, मराठीत, आणि टॅक्सीवाल्याला कळावा म्हणून खाली इंग्रजीत. बाई पांढऱ्या कपड्यात आहे. बरोबर मोठा कंपू आहे, तो खाली बसमध्ये थांबलाय. मक्केला चाललेत, इथे सहा तास मधला मुक्काम आहे.

गुरुप्रसाद, त्यांनी पादत्राणं दाराबाहेर काढली. मला इथून, टेबलावरून, फक्त हात दिसतोय. बांगडी आहे. हातात ताटली नाही, पिशवी आहे, काजूची असावी.

बोलतायत. तुझं नाव घेतलं. माझं घेतलं, 'सादानान्दा' असं. आणि मग एकच शब्द, सावकाश, शाळेत बाई शिकवतात तसा सुटा सुटा:

"चिन्-ता."

कुठल्या भाषेत म्हणाल्या, ते इथून कळत नाही. कुठल्याही म्हटलं असलं तरी चालेल.

अनुष्का म्हणतेय, "आजोबा, कम ना, शी वाँट्स टु सी यू." मला बघायचंय म्हणतायत. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं आहे आणि चष्मा सापडत नाहीये. राहू दे. उठतो